डाव्या हाताचं सारवण

भूत, चकवा, खोलीत कोणीतरी फिरतं... असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणं मला कधी परवडलंच नाही. हसू नका, खरं सांगते. जिला खोल्या भाड्यानं द्यायच्या आहेत, तिनं असलं काही एकदा जरी तोंडातून काढलं, तर खोली पडलीच म्हणून समजा रिकामी. विहिरीवर बायका कुजबुजायला लागल्या की मी बादली आपटून विषय मोडत होते. आजही माझं मत तेच आहे. भूत नसतं. फक्त त्या एका दुपारचं काय करावं, ते मला अजून कळलेलं नाही. तुमच्या सदरातले लोकांचे अनुभव चष्मा लावून वाचते, तेव्हा वाटलं, आपलंही एकदा लिहून टाकावं. शाळेत मी गेलेली नाही. भाडेकरूंच्या पोरांच्या पाट्या बघून बघून अक्षरं शिकले, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ तुम्ही सांभाळून घ्या.

गाव ब्रह्मपुरी. आम्ही मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेलो, त्याच्या आगेमागे घडलेली गोष्ट. चंद्रपूरला तेव्हा सगळे चांदाच म्हणत, आणि गडचिरोली वेगळा जिल्हा व्हायला फार अवकाश होता. आमचं घर स्टेशनावरून बाजाराकडे येताना, धानाच्या गिरणीच्या अलीकडं. भिंती मातीच्या, वर कवेलू म्हणजे कौलं, मधोमध अंगण आणि अंगणात विहीर. अंगणाच्या एका अंगाला आमचं राहणं. दुसऱ्या अंगाला सुटी एक खोली. तिला दार एकच, आणि एक हातभर खिडकी, तिलाही सागाचे गज. हे जरा लक्षात ठेवा, पुढं लागेल. घरचे, म्हणजे आमचे हे, गिरणीवर मिस्त्री होते. इंजिन बिघडलं की यांना जेवणावरून उठवून न्यायचे.

मी यांची दुसरी बायको. पहिलीचं नाव भागरथा. तापानं गेली, मूलबाळ नव्हतं. मी तिला कधी पाहिलं नाही, पण या घरात पाऊल टाकल्यापासून माझं तिच्याशीच पटेना. तुम्ही म्हणाल, मेलेल्या माणसाशी काय भांडण? अहो, जित्या सवतीशी भांडता तरी येतं. ही पडली मेलेली. ना तिचं मीठ कधी जास्त होणार, ना तिचा आवाज चढणार, ना तिला म्हातारपण येणार. वर माझी मोठी नणंद, पारबताबाई, दोन घरं सोडून राहायची. ती आली की उंबऱ्यावरच पायाचा अंगठा जमिनीवर फिरवून बघायची आणि म्हणायची, "आहे, बरं आहे. पन भागरथाच्या हाताची सर नाई."

ही सर म्हणजे सारवणाची. फरशीवर वाढलेल्यांना सांगते. शेणाचा काला करून उकिडवं बसायचं, हातानं कमानी ओढत ओढत मागं सरकत दारापर्यंत यायचं. वाळलं की त्या कमानी उमटून राहतात. प्रत्येक बाईचा हात वेगळा, आणि गावच्या बाया जमीन बघून सांगत, ही अमकीनं सारवली. भागरथा डावरी होती. वाढायला, कुंकू लावायला तिला डावा हात वर करू देत नसत, पण सारवताना कोण बघतं? उजव्या हाताच्या कमानी एका अंगाला कलतात, डाव्या हाताच्या दुसऱ्या. तिच्या तशा उलट्या कमानी, एकीत एक बसवलेल्या, धानाच्या लोंबीसारख्या. नवी आले तेव्हा त्या सुट्या खोलीत धान साठवायची ढोली होती. ढोली सरकवली तर तिच्याखाली भागरथाचं सारवण तसंच राहिलेलं, काल केल्यासारखं. मी उभी राहून बघितलं. मग शेण कालवलं आणि माझ्या हातानं त्याच्यावरून एक जाड थर दिला. वाळल्यावर दुसरा दिला.

ती खोलीही तिचीच. तिनं आणि यांनी मिळून माती वाहून उभी केलेली. हे कधी दुपारी उगाच तिथं जाऊन बसायचे. कोणी विचारलं तर म्हणायचे, थंड वाटते. मग मीच म्हटलं, ही खोली भाड्यानं देऊ. गावाला वाटलं, सून संसारी आहे, चार पैशाचं बघते. मला बघायचं होतं की परक्या पायांनी ती जमीन एकदाची तुडवली जावी. लोकांची पोरं तिथं सांडोत, लवंडोत, आणि यांना दुपारी थंड वाटायला दुसरी जागा मिळो.

पण एकदा काम अंगावर घेतलं की मी ते नीट करते. जन्मभर भाडेकरू ठेवले, तेव्हा नवीन लोकांना दोन शब्द सांगितले तर चालतील ना? खोली बघायला आलेला माणूस आधी वर बघतो की खाली, ते बघा. जो वर कवेलूकडं बघून पावसाळ्याचं विचारतो, तो राहणारा. जो खाली बघून नुसता छान छान म्हणतो, तो उन्हाळ्यात पळणार. कवेलू मृगाच्या आधी फेरून द्या, गळायला लागल्यावर नाही. खोली सोडून गेलेल्या बाईची चूल फोडून टाका, नवीला तिची तिला घालू द्या, परक्या चुलीवर बाईचं मन लागत नाही. नातेवाइकाला खोली देऊ नका. आणि सगळ्यात मोठी गोष्ट... कुलूप भाडेकरूचं, किल्लीही भाडेकरूची. दुसरी किल्ली मागू नका, दिली तरी घेऊ नका. तो घरात नसताना आत घर जळत असेल तरच दार फोडा, तेही चार माणसं बोलावून. माझं नाव याच्यावरच होतं. बदलीवर येणारे मास्तर, जंगल खात्याचे बाबू एकमेकांना सांगून यायचे की गिरजाबाईच्या खोलीला कुलूप लावलं नाही तरी चालते. हे बोलणं कानावर आलं की मला दिवसभर भूक लागायची नाही. भागरथाकडं हे नव्हतं. हे एक माझं होतं.

असंच ऐकून शाळेतले एक मास्तर आले, नवी बायको घेऊन. ती अमरावतीची, शालिनी तिचं नाव. माहेरी शहाबादी फरशी. पहिल्याच आठवड्यात तिनं सारवायला घेतलं आणि कोपऱ्यात सुरुवात न करता दारातून सुरुवात केली. आत आत जात भिंतीला टेकली आणि तिथंच अडकली. ओल्या सारवणावर पाय ठेवायचा कसा? तासभर भिंतीला चिकटून उभी. मी अंगणातून हाक मारली तर रडवेली होऊन म्हणाली, "मावशी, मी कोपऱ्यात फसली." मी हसून हसून विहिरीला टेकले. मग तिला पाट टाकून बाहेर काढली आणि शिकवलं. शेणात पाणी किती, मनगट कुठं सैल सोडायचं, मागं कसं सरकायचं. तिचं वळण काही जमलं नाही, पण माझ्या कमानींवर बोट फिरवून ती म्हणायची, मावशी, तुमचा हात किती साफ आहे. माझ्या हाताला असं या गावात कोणी पहिल्यांदा म्हणत होतं. पारबताबाईचा अंगठा आठवून मला आतल्या आत इतकं गार वाटायचं, काय सांगू.

तर महाशिवरात्र आली. मास्तर-मास्तरीण मार्कंड्याच्या जत्रेला निघाले. वैनगंगा डोंग्यानं ओलांडून पुढं बैलगाडीचा प्रवास, म्हणजे जाऊन-येऊन चांगले काही दिवस मोडणार. दाराला मास्तरांचं पितळी कुलूप, किल्ली त्यांच्या करदोड्याला. जाताना शालिनी म्हणाली, मावशी, जमीन फार उकरली हो, आल्यावर आपण दोघी सारवू. मी म्हटलं, हो.

ते परत आले तेव्हा दुपार होती. ऊन चांगलं चढलेलं, हे गिरणीवर, मी अंगणात वड्या घालत बसलेली. शालिनीनं पाय धुतले, मास्तरांनी करदोड्याची किल्ली सोडून कुलूप काढलं, दार ढकललं. आणि दोघं तिथंच थांबले. आतून वास आला. ओल्या शेणाचा, ताज्या सारवणाचा. मला वाटलं, माझ्याच हाताचा वास असेल, पण माझे हात तर उडदाच्या पिठात.

शालिनी आधी खूश झाली. "मावशी, केलं पण? मी म्हटलं होतं ना दोघी करू." आणि मग तिच्या ध्यानात आलं असावं, कारण तिनं मास्तरांच्या हातातल्या कुलपाकडं बघितलं.

मी उठून दारापर्यंत गेले. जमीन अजून ओली होती, मधूनमधून चमकत होती. ट्रंका, डबे, पाट, सगळं उचलून, खालचं सारवून, परत जागच्या जागी ठेवलेलं. पावलाचा एक ठसा नाही. कोपऱ्यापासून सुरू होऊन शेवटची कमान उंबऱ्याला येऊन थांबलेली, जशी थांबायला पाहिजे तशी. आणि कमानी उलट्या. एकीत एक बसलेल्या, धानाच्या लोंबीसारख्या.

मला चक्कर-बिक्कर आली नाही. खरं सांगू का काय झालं? मला राग आला. वाटलं, आली. माझ्या भाडेकरूच्या खोलीत आली, मी जिला हात धरून शिकवलं तिच्यासाठी सारवून गेली, आणि माझ्यापेक्षा चांगलं सारवून गेली.

मास्तर माणूस सरळ, पण कायद्याचा. त्यांनी मला हळूच विचारलं, गिरजाबाई, तुमच्याकडं दुसरी किल्ली आहे का? मी म्हटलं, नाही. मग आत कोण गेलं? मी म्हटलं, मी नाही गेले. ते म्हणाले, जमीन आपली आपण तर सारवली जात नाही. यावर मी काय बोलणार? मला माहीत होतं ते बोलले असते तर... बघा ना, हा माझा हात नाही, ही भागरथा, असं मी माझ्या तोंडानं म्हणायचं? म्हणजे मग घर कोणाचं ठरलं? मी गप्प राहिले. आणि गप्प राहिलेल्या बाईकडं लोक कसं बघतात, तुम्हाला ठाऊकच आहे.

त्यांचं काहीच गेलेलं नव्हतं. पण गेलं नाही म्हणून काय झालं, कोणी आत शिरलं होतं ना. संध्याकाळपर्यंत विहिरीवरच्या बायांना कळलं, दुसऱ्या दिवशी बाजारात. गिरजाबाई दुसरी किल्ली ठेवते. लोक गेले की आत जाते, ट्रंका उचकते, आणि खुणा बुजवायला सारवून ठेवते. हे शेवटचं कोणाच्या डोक्यातून निघालं देव जाणे, पण ऐकायला इतकं खरं वाटत होतं की मीच दुसऱ्या कोणाबद्दल ऐकलं असतं तर मानलं असतं. जंगल खात्याचे एक बाबू मला आमची ओसरीची बाजू मागून गेले होते, त्यांनी निरोप पाठवला की दुसरीकडं सोय झाली. शालिनी माझ्याशी बोलायची थांबली. तोंड चुकवून पाणी भरायची, आणि बाहेर जाताना कुलूप लावलं की दोनदा ओढून बघायची. ते दोनदा ओढणं मला माझ्या ओसरीतून ऐकू यायचं.

यांना मी काही सांगितलं नव्हतं. हे त्या खोलीकडं गेलेच नाहीत, कारण लोक राहतात तिथं पुरुषानं कशाला जावं. पण मग मास्तरांनीच यांना बोलावलं. म्हणाले, आम्ही महिना संपला की खोली सोडतो, पण न बोलता जाणं बरं नाही दिसत, तुम्ही एकदा डोळ्यांनी बघा. रविवार होता, शाळेला सुट्टी. पारबताबाई वास लागल्यासारखी नेमकी तेव्हाच आली. शेजारच्या दोघी-तिघी भिंतीवरून माना काढून उभ्या.

हे दारात गेले. आत बघितलं. जमीन आता वाळून खडखडीत झालेली, त्यामुळं कमानी आणखी उठून दिसत होत्या. यांनी चप्पल काढली. पण आत नाही गेले. तिथंच उंबऱ्यात बसले, दाराच्या चौकटीला पाठ लावून, आणि शेवटच्या कमानीवर आपला तळहात ठेवला. इंजिनाच्या तेलानं काळा पडलेला तळहात. आणि तसेच बसून राहिले. कोणाकडं बघितलं नाही.

माझ्या लग्नाला इतकी वर्षं झाली होती. मी ते घर किती वेळा सारवलं असेल, मोजायचं कोणी? त्यावरून हे जेवायला आले, झोपायला गेले, पण खाली वाकून कधी बघितलं नाही. आणि आता बसले होते.

मास्तर म्हणाले, "मिस्त्री, काही बोला. हे कोणी केलं?"

यांनी मान वर केली आणि माझ्याकडं बघितलं. ओळख पटलेली तोंडावर लिहिलेली होती. नजरेनंच मला विचारत होते, सांगू का. सांगायचं की नाही ते माझ्यावर सोडत होते, असं आज वाटतं. तेव्हा एवढंच कळलं की आता दोनच रस्ते आहेत. एक तर मी चोरून शिरणारी घरमालकीण, नाही तर मी दुसरी. चोर म्हणून राहिले असते तर घर तरी माझं राहिलं असतं, असंही एक क्षण मनात आलं. इतकी मी तिच्यावर जळत होते.

पण तेवढ्यात शालिनी दिसली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मी चोर असायला तिला नको होतं.

मी म्हटलं, "हे माहं सारवन नाई. हे भागरथाचं होय."

भिंतीवरच्या माना आणखी वर आल्या. पारबताबाईनं पदर तोंडाशी नेला. मास्तरांनी भागरथा कोण ते विचारलं, तर पारबताबाईनंच सांगितलं, आणि सांगताना तिचा आवाज असा भरून आला की मला तिथल्या तिथं तिला विहिरीत ढकलावंसं वाटलं.

मास्तर हसले नाहीत, पण मानलंही नाही. मी म्हटलं, थांबा. घमेल्यात शेण कालवलं, अंगणात पाणी शिंपडलं आणि सगळ्यांसमोर बसून माझ्या उजव्या हातानं एक पट्टा ओढला. म्हटलं, बघा, माझ्या कमानी इकडं कलतात, आतल्या तिकडं. मास्तर चष्मा पुसून एकदा खोलीत बघत, एकदा अंगणात. मग ते म्हणाले, "पण बाई, तुम्ही मुद्दाम डाव्या हातानं केलं असेल तर?"

आता झाली का पंचाईत. म्हणजे माझं नाव वाचवायचं तर मला चारचौघांत दाखवायचं होतं की मला हे येत नाही. तिला जे येत होतं, ते मला येत नाही. मी डावा हात शेणात घातला आणि ओढला.

अहो, पोरानं पाटीवर रेघोट्या माराव्या तसं झालं. एक कमान जाड, दुसरी बारीक, तिसरी मध्येच तुटलेली. मी जीव लावून ओढत होते हो. मनात कुठंतरी वाटत होतं, जमावं. चोर ठरले तरी चालेल, पण जमावं. मनगट वळेना. घाम आला. आणि वरून पारबताबाई, जिला गप्प राहणं कधी जमलं नाही, ती बोललीच. "राहू दे व माय, काऊन हात मोडून घेऊन राह्यली? त्या हाताची सर नाई म्हनते तं खोटं म्हनते का मी?"

कोणी हसलं नाही. शालिनी पुढं आली, तिनं तांब्यातून माझ्या हातावर पाणी घातलं आणि म्हणाली, "मावशी, झालं. दिसलं सगळ्यांना." माझं नाव सुटलं ते असं. सगळ्या गल्लीला दिसलं की गिरजाला येत नाही.

तुम्ही विचाराल, दुसरं काही कारण असेल. आम्हीही शोधलं, मास्तरांनी तर फारच. कवेलू काढून कोणी उतरलं का म्हणून शिडी लावून वर गेले, तर छतातली जाळी जशीच्या तशी, कोळ्यासकट. खिडकीच्या गजातून मांजर जाईल, बाई नाही. कुलूप फोडलेलं नव्हतं आणि तसं कुलूप गावात दुसरं नव्हतं. पारबताबाईनं मला खाली दाखवायला केलं म्हणावं, तर तिचे गुडघे उकिडवं बसू देत नव्हते आणि ती उजव्या हाताची. गल्लीत डावरी बाई दुसरी कोणी नव्हती. बरं, नक्कल करायची तर बघून करणार ना? ढोलीखालचं शेवटचं सारवण मीच दोन थर देऊन बुजवलेलं. बघायला ते उरलंच कुठं होतं?

मास्तर गेले नाहीत. उलट म्हणायचे, भूत येऊन सारवून जात असेल तर आमच्या हिची कंबर वाचली. बदली होईपर्यंत राहिले. किल्लीची कुजबुज थांबली, आणि गंमत म्हणजे भाडेकरूही तुटले नाहीत. या खोलीत एक सुगरण येऊन जाते म्हणून उलट बाया बघायला यायच्या. आणि शालिनी! माहेरी जायला निघाली की घमेल्यात शेण कालवून खोलीत ठेवायची आणि मग कुलूप लावायची. मी म्हटलं, हे काय खूळ? तर म्हणते, राहू द्या मावशी, आल्या तर तयार असावं. "आल्या" म्हणायची, मोठ्या बाईला म्हणावं तसं. परत आली की बघायची, तर शेण वाळून भेगा पडलेलं, जमीन जशीच्या तशी. ती हिरमुसायची. मी वरून म्हणायची, अगं बाई गं. आणि अंगणात आले की मला बरं वाटायचं. जा म्हणावं, एकदा आलीस तेवढं पुरे.

यांच्याशी त्याबद्दल बोलणं झालं नाही. एकदाच मी विचारलं, की तिथं बसला होता तेव्हा मनात काय होतं. हे म्हणाले, "थंड होती जमीन." बस. वाळून खडखडीत झालेली जमीन, आणि हे म्हणतात थंड होती.

आता हे नाहीत, पारबताबाई नाही. शालिनीची पत्रं यायची ती थांबली. मुलानं घर पक्कं केलं, सगळीकडं टाइल्स बसवल्या. ती सुटी खोली तेवढी मी मातीची ठेवायला लावली. तो विचारतो, आई, भाड्याला टाइल्सची खोली बरी जाते, हिला काऊन सोडलं? मी म्हणते, मले थंड वाटते.

दोन-तीन वर्षांपासून माझा उजवा खांदा धरला आहे. लिहिता येतं, बोटांचं काम होतं, पण हात फिरवून ओढता येत नाही. मग खोली सारवायची कशी? सुनेला येत नाही. तर मी डाव्या हातानं सुरू केलं. आधी तसंच, रेघोट्या. मग हळूहळू मनगट सैल झालं. गेल्या पोळ्याच्या आधी सारवत मागं मागं आले, उंबऱ्याशी पोचले, चौकट धरून उठले आणि चष्मा लावून बघितलं.

उलट्या कमानी. एकीत एक बसलेल्या.

मी किती तरी वेळ बघत राहिले. कोणाला दाखवायचं? अंगठा फिरवून बघणारी गेली. सून म्हणाली, छान झालं आई, आणि भाजी बघायला आत गेली. हे असते तर चप्पल काढून तिथंच उंबऱ्यात बसले असते, चौकटीला पाठ लावून, तळहात खाली ठेवून. बसले असते, हे नक्की. पण माझं सारवण म्हणून बसले असते की तिचं म्हणून... ते मला आजही सांगता येत नाही.